पालथं घातलेलं दार

नेरे, ५ नोव्हेंबर २०२५

किशोरी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. घे.

तुझ्या ऑफिसचं पाकीट सोमवारी कळंबोलीला आमच्या कारखान्यात आलं. वर गुरुदत्तशेठचं नाव, आत तुझ्या अक्षरात चिठ्ठी: "चित्रे भामाबाईंना दाखवावीत." भामाबाई! आई गेल्यावर तुझ्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, तेव्हा मी नुसती बाय होते. आता भामाबाई झाले. पगार नाय वाढला, मान वाढला.

फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. तुझे दाजी बोलतात, माझ्या फोनवरून कर. मी का करू? सख्ख्या बहिणीशी बोलायला दुसऱ्याचा फोन कशाला? म्हणून हे पत्र. चौथीपर्यंतच्या शिक्षणात बसेल तेवढं लिहिते.

शेठने पहिलं पान वाचून दाखवलं. शाळेत, कचेरीत प्रश्नपत्रिका आणि महत्त्वाचे कागद ठेवायची लोखंडी कपाटं कशी असावीत, पत्रा किती जाड, कुलूप कसलं, बिजागरी कुठं, त्याचं हे मानक. मसुदा झाला, लोकांच्या सूचना झाल्या, समितीच्या बैठका झाल्या, आता हे शेवटचं. अठरा तारखेला सगळ्यांसाठी खुलं होणार, कोणी पण फुकट उतरवून घ्यावं. त्याच्या आधी कारखान्यातल्या माणसाने एकदा बघावं आणि चूक दिसली तर सात दिवसांत कळवावं.

बघितलं. शेठला बोलले, सगळं बरोबर हाय, मारा सही. त्यांनी मारली.

चौथ्या चित्रातलं टेबल माझं हाय. दाराखालचं गोणपाट पण माझं. फेब्रुवारीत तुमी सगळे कारखान्यात आला होतात तेव्हा तुझ्या ऑफिसातल्या रुचिराताईंनी स्टुलावर चढून वरून फोटो काढला होता. बिजागरीवर माझा हात होता. चित्र काढताना हात काढून टाकला. राहिला असता तर काय कपाट उघडं पडलं असतं?

असो. चूक नाय.

भामा


नेरे, ११ नोव्हेंबर

किशोरी,

सहा दिवस झाले. उत्तर नाय. तुझ्याकडं कागद जास्त झालेत, म्हणून माझ्यासाठी एक नाय उरला.

मी माफी मागायला लिहीत नाय, आधीच सांगते. करंजाड्याला तुझ्या घरी मी तमाशा केला असं तू तुझ्या दाजींना बोललीस. मग माझं पण ऐक. गणपती गेले, म्हणून मी सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आले. दोन रिक्षा बदलून. तर सोफ्यावर ती बसलेली, मांडीवर कम्प्युटर, पाय वर घेऊन, घरच्यासारखी. तू माझ्या हातातला डबा घेतलास आणि थेट बाल्कनीत नेऊन ठेवलास. ती बोलली, "काय आणलंय हो? वास छान येतोय." आणि तू काय बोललीस? "काही नाही ताई, असंच."

असंच!

म्हणून मी बोलले, "रुचिराताई, हिला न्हाऊ घालायचं तेवढं राहिलंय, ते पण तुमीच घाला." त्यात काय खोटं होतं? तुझ्या घरातला पडदा तिने निवडला. तुळस काढून ते रबरासारखं झाड तिने लावलं. तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या कागदावर जवळचं माणूस म्हणून तिचं नाव. मला कळलं आठ दिवसांनी, ते पण टाके निघाल्यावर. नेरे काय अमेरिकेत हाय?

आणि फेब्रुवारीतलं सांगू? तुमचे मोठे साहेब कारखान्यात विचारत होते, ह्या कोण. तू बोललीस, "ह्या भामाबाई, पंधरा वर्षं इथे काम करतात." ते बोलले, "ओळख आहे वाटतं?" तर तू, "आमच्या गावच्या आहेत." माझ्या हातात पाना होता, किशोरी. मी खाली मान घालून नट आवळत बसले. एवढा आवळला की आटे गेले.

तुला लाज वाटली असेल. ते मी समजू शकते. माझे हात काळे, तोंड फाटकं. पण तिला ताई बोलताना तुझा आवाज जसा गोड येतो, तसा मी तेहेतीस वर्षांत ऐकला नाय.

एक विचारायचं होतं. चौथ्या चित्राखाली बारीक अक्षरात काढणाराचं नाव हाय. शेठ बोलले, रुचिराबाईंचंच. मग उद्या त्यात काय चुकलं बिकलं तर नाव तिचंच जाणार ना? सहज विचारते. परवा पण मी ते चित्र बघत बसले होते तर शेठ बोलले, "भामाताई, इतका वेळ काय बघताय?" मी बोलले, काय नाय, आपलं टेबल कागदावर कसं दिसतं ते बघते.

भामा


नेरे, १९ नोव्हेंबर

किशोरी,

काल मी पनवेलच्या कार्यक्रमाला आले होते. तू बघितलं नसशील. शेठला आमंत्रण होतं, मी त्यांच्याबरोबर मागच्या रांगेत. ती हिरवी साडी कधी घेतलीस? चांगली दिसत होती.

मला वाटलं होतं, पुस्तक निघेल, फीत सोडतील. तर साहेबांनी एक बटण दाबलं आणि पडद्यावर तुमच्या कपाटाचा कागद आला, वर मोठ्या अक्षरात 'अंतिम'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा माणूस बोलला, आता ह्याच्यातला काना-मात्रा बदलायचा तरी वेगळं शुद्धिपत्र काढावं लागतं, झालं ते झालं.

मग तुझी रुचिराताई बोलायला उठली. मला वाटलं, आता स्वतःची आरती ओवाळेल. ती बोलली, "चित्रं माझी आहेत, पण शेवटचं अक्षर न् अक्षर, रेघ न् रेघ किशोरीने तपासली. ह्या कागदावर अंतिम तपासणीची सही तिची आहे. हे तिचं पहिलं मानक." आणि तुला वर बोलावलं.

सही तुझी. हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, सही पण तिचीच असेल. चित्र तिचं तर सही तिची, मला काय माहीत तुमच्या ऑफिसची रीत.

मी उठले होते. रांगेतून बाहेर आले होते, तुझ्याकडंच येत होते. बोलायचं होतं. तेवढ्यात तू वाकून तिच्या पाया पडलीस.

मग मी चहा घेतला आणि शेठना न सांगता नेऱ्याची रिक्षा पकडली.

चौथं चित्र एकदा बघ. सही झाली म्हणून काय बघू नये असं नाय. घाईत नको, नीट बघ.

भामा


कळंबोली, १ डिसेंबर

किशोरी,

हे पोस्टात टाकत नाय. शेठ स्वतः तुझ्या हातात आणून देतील. वाच आणि मग जे करायचं ते कर, पण आजच कर.

आमच्या मागच्या गल्लीत धनेशचा कारखाना हाय. त्याला एका शाळेची बारा कपाटं मिळालीत. तुमचं मानक उतरवून, चित्र भिंतीला चिकटवून तो माल करतोय. दुपारी त्याच्याकडं ड्रिल मागायला गेले. कपाटं उभी होती, रंग झालेला, कुलपं बसलेली. आणि बिजागरीचे नट सगळे बाहेरून.

मी बोलले, "अरे धनेश, हे काय केलंस?"

तो बोलला, "कागदात हाय तसं केलंय. मला पण जरा इचित्र वाटलं. पण वर 'अंतिम' लिवलंय. तपासायला येणारा माणूस चित्र हातात धरून बघणार. येगळं दिसलं की माल परत. मी कोण बदलणारा?"

मी बोलले, "कुलूप लाव." त्याने लावलं. चावी त्याच्या खिशात. मी पाना घेतला आणि बिजागऱ्यांचे नट काढले. कुलूप लावलेलं तसंच आणि दार माझ्या हातात. धनेशने कुलूप ओढून बघितलं. मग बोलला, "आयला, ह्याच्यात पोरांचे पेपर ठेवणार होते?"

तुला कळावं म्हणून सांगते. आपल्याकडं दार कधी उभं ठेवून काम करत नाय. गोणपाटावर पालथं घालतात, रंगाचं तोंड खाली, म्हणजे चरा पडत नाय. वर दिसते ती आतली बाजू. नट तिथंच यायला पाहिजेत, आत, जिथं कोणाचा हात पोचत नाय. रुचिराबाईंनी वरून फोटो काढला, त्यात आतली बाजू आली. पण ऑफिसातल्या माणसाने दार नेहमी उभंच बघितलेलं. समोर दिसते ती बाहेरची, असं धरलं आणि चित्रात लिहिलं 'बाहेरील बाजू'. आमच्यातल्या कोणाला दाखवलं तर एका नजरेत कळेल. तुमच्यातल्या शंभर जणांनी बघितलं तरी कळायचं नाय.

माझ्या आज लक्षात आलं. आता लगेच थांबवा. आणखी कोण कोण उतरवून घेऊन बसलं असेल, देव जाणे.

भामा


नेरे, ७ डिसेंबर

किशोरी,

आता फोन लागतो तरी पत्र लिहिते. सवय लागली.

काल तू आलीस, पायरीवरच गळ्यात पडलीस. तुझे दाजी उगाच गाईला पाणी दाखवायच्या निमित्ताने मागे गेले, त्यांच्या पण डोळ्यात पाणी होतं. तीन भाकऱ्या खाल्ल्यास, मी मोजल्या. सुकट वाटीने खाल्लीस. तुझ्या बॅगेत डबा भरला तेव्हा बोललीस, "बाय, अजून घाल, ऑफिसात नेते." तुझ्या ताईला पण देशील त्यातली, मला माहीत हाय. दे.

परवा तिचा फोन आला होता मला. बोलली, "भामाताई, तुम्ही आमची लाज राखलीत. शुद्धिपत्रात तुमचं नाव घालायचं ठरलंय." मला पहिल्यांदा कोणी ऑफिसवाल्याने फोन केला. शेजारच्या कोमलला ऐकू जावं म्हणून मी ओटीवर येऊन बोलले. छापून येणार माझं नाव, आडनावासकट, सगळ्या देशात. रुचिराबाईंच्या चुकीखाली माझं नाव. रात्रभर गालातल्या गालात हसत होते, दाजींनी विचारलं, दाढ दुखते का.

धनेशकडं जाऊन आम्ही बाराच्या बारा दारं उतरवली आणि परत बसवली. तीन दिवस गेले. तो बोलला, "भामाताई, तुमाला काय पडलंय?" मी बोलले, गप्प काम कर.

पुढच्या रविवारी ये. कोंबडी करते.

बाय


नेरे, १० डिसेंबर

किशोरी,

हे फोनवर बोलता आलं असतं. तीन वेळा लावला, तू "हॅलो बाय" बोललीस की मी भाव विचारल्यासारखं काहीतरी बोलून ठेवून दिला. म्हणून लिहिते.

शनिवारी जाताना तू बोललीस, तुझ्या फाईलीत ठपक्याचा कागद लागला. सही तुझी, तपासणी तुझी, म्हणून नोकरी पक्की व्हायची ती एक वर्ष पुढं गेली. तू ऑफिसात सांगितलंस, दुसऱ्या कोणाची चूक नाही. मी बोलले, पण कागद आधी आमच्याकडं आला होता, आमी पण बघितला होता. तेव्हा तू माझा हात धरलास आणि बोललीस, "बाय, तुझा काय दोष? चौथी शिकलेल्या माणसाला मी असले कागद पाठवले. तुला कसं कळणार होतं?"

चार दिवस ते वाक्य माझ्या कानात हाय.

मला कळलं होतं.

पाकीट उघडलं आणि चौथ्या चित्राचं पान काढलं तेव्हाच कळलं होतं. शेठचा चहा पण यायचा होता. माझं टेबल, माझं गोणपाट, पंधरा वर्षं रोज पालथी घातलेली दारं, आणि मला कळणार नाय? त्या कागदात जे मला वाचता येत नाय ते मी सोडून दिलं. ते चित्र मी वाचलं. तुमच्या सगळ्या इंजिनेरांपेक्षा आधी वाचलं.

आणि मी गप्प बसले. शेठला खोटं बोलले, त्यांची पण सही घेतली. का, तर चित्राखाली तिचं नाव होतं. मला वाटलं, जाऊ दे एकदा. सगळ्या जगासमोर तोंडावर पडू दे. मग किशोरीला कळेल, ताई ताई करत जिच्या मागे फिरते ती काय चीज हाय. मी ते मनात बघून ठेवलं होतं, कोण कसं हसेल, तू कशी येशील. पोरांचे पेपर, शाळा, त्यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाय. खोटं कशाला सांगू, आलं होतं, मी बाजूला सारलं.

पनवेलला कळलं की पडणार ती नाय, तू. तेव्हा सांगायला उठले ते खरं. तू तिच्या पाया पडलीस म्हणून परत फिरले, ते पण खरं. तेवढ्यासाठी मी तुझी पक्की होणारी नोकरी अडकू दिली, हे मला आता लिहिताना पण पटत नाय, पण तसंच झालं. मग बारा दिवस घरात गप्प होते. धनेशची कपाटं बघितली नसती तर आणखी किती दिवस गप्प बसले असते, ते मला माहीत नाय. त्या दिवशी ड्रिल मागायला गेले हे पण खोटं. आमच्याकडं दोन ड्रिल हायत. त्याला ऑर्डर मिळाल्याचं ऐकलं आणि पाय तिकडं गेले.

आता रुचिराचं सांगते. त्या दिवशी फोनवर आभार झाले, नाव घालायचं झालं, आणि मग ती जरा थांबून बोलली, "भामाताई, पहिल्यांदा पाकीट आलं तेव्हा नव्हतं का हो दिसलं तुम्हाला?" मी बोलले, नाय. ती काही बोलली नाय. एवढा वेळ बोलली नाय की मला वाटलं फोन कटला. मग बोलली, "ठीक आहे. किशोरीला मी काही विचारणार नाही." आणि ठेवला.

तिला कळलंय. आणि तिने तुला सांगितलेलं नाय. मी आधी मनात बोलले, बरं झालं. मग बोलले, मोठी आली मला सांभाळणारी. दोन दिवस असंच.

तिने झाकलेलं मला नको. तुझ्याबद्दल तिला ठाऊक आणि मला नाय, असं पुष्कळ हाय. तुला कॉफी कशी लागते, तू कोणाबरोबर फिरतेस, रात्री झोप का लागत नाय. ते मी सोसते. पण माझ्याबद्दल तिला ठाऊक आणि तुला नाय, हे मी चालू देणार नाय. माझं वाईट बघायचा पहिला हक्क तुझा.

म्हणून आता काय करायचं ते ऐक. सोमवारी शुद्धिपत्र निघणार. त्यातून माझं नाव काढ. आभाराची ओळच काढ. शुक्रवारी मी सुट्टी टाकलीय, बेलापूरला तुमच्या ऑफिसात येते. तुझ्या मोठ्या साहेबांना सांगते, सात दिवसांची मुदत होती, मला पहिल्याच दिवशी दिसलं, मी कळवलं नाय. कोणाची बहीण म्हणून नाय, कारखान्याची माणूस म्हणून सांगते. शेठना आज सकाळी सांगितलं. ते बोलले, "तुमच्या शब्दावर सही केली होती मी." माझं टेबल राहतं की जातं ते ते शनिवारी सांगणार हायत.

दारात मला थांबवलं आणि विचारलं, कोण पाहिजे, तर मी तुझं नाव सांगणार नाय. रुचिराबाईंना भेटायचं हाय सांगेन. तिच्या तोंडावर पण बोलायचं हाय मला. चित्र तुमी चुकवलंत, खोटेपणा मी केला, आणि किशोरीला मधे घेऊ नका, एवढंच. ती मला आवडत नाय. पुढं पण आवडेलसं वाटत नाय. पण फोनवर ती गप्प बसली ते मी विसरणार नाय.

तू रविवारी येऊ नको असं मी बोलत नाय आणि ये असं पण बोलत नाय. नंबर परत बंद केलास तरी समजेन.

हे पत्र घरात ठेवू नको, फाडू पण नको. तुझ्या फाईलीत तो कागद लागलाय ना, त्याच्यावर लाव. खाली सही करते, तारीख वर हाय. ह्यावेळी नीट तपासून घे.

भामा